तीनशे पाच किलो

१४ जून

आदरणीय ताई,

तीस मेच्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं की शेवटच्या फेरीत तुमच्या भावानं हेलिकॉप्टरमधून चार जखमी नेले. ते चूक आहे. पाच होते. पत्र पेटीत टाकलं, चार पावलं गेले आणि लक्षात आलं, पण पेटीत हात जात नाही. पंधरा दिवस ते मनाला टोचतंय, म्हणून आज लिहायला बसले.

दहाव्या वर्षापर्यंत माझी शाळा घरीच झाली, आत्याकडे. आत्याचा एक नियम होता. चूक झाली तर रबरानं पुसायची नाही. तिच्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर ते लिहायचं, म्हणजे आपण काय चुकलो होतो तेही वाचता येतं. तेव्हा त्या पत्रातल्या ‘चार’वर कृपा करून तुम्हीच एक रेघ मारा.

बाकीचं बरोबर आहे, मी ते पुन्हा पडताळून पाहिलं. तीन मे रोजी ते आमच्या ठाण्यावर चारदा उतरले. ठाणं डोंगराच्या पोटाशी होतं. उतरायची जागा म्हणजे शाळेच्या एका वर्गाएवढा सपाट तुकडा, तीन बाजूंना दगड आणि चौथ्या बाजूला काहीच नाही. समोरच्या टेकडीवरून गोळीबार चालू होता. पहिल्या फेरीत त्यांच्या हेलिकॉप्टरची बाजूची काच फुटली. दुसऱ्या फेरीला आले तेव्हा सीटखालचा जाड पोलादी पत्रा नव्हता. खालून येणारी गोळी अडवायला तो असतो. मी विचारलं तर म्हणाले, “बावीस किलोचा होता गं तो. त्याला कुठे काय लागलंय? त्याला कशाला फिरवायचं?”

ठाण्यावर सगळे त्यांना ‘टपाल’ म्हणायचे, कारण ते सांगितल्या वेळेला यायचेच. जखमी शुद्धीवर आले की पहिलं हेच विचारायचे, “टपाल आलं का?” मला ते तराजू म्हणायचे. प्रत्येक जखमीचं वजन अंदाजानं लिहायचं आणि ती चिठ्ठी त्यांच्या हातात द्यायची, हे काम माझं होतं.

मांडीत गोळी लागल्यावरही त्यांनी मशीन तळावर नेलं, नीट टेकवलं, पंखा बंद केला. ते उतरले नाहीत. मागचे पाचही जण आज जिवंत आहेत. हा आकडा मी तीन ठिकाणी विचारून घेतला आहे.

आणखी एक, मला ‘तुम्ही’ म्हणू नका. मी तेवीस वर्षांची आहे.

आपली,
तराजू


२५ जून

प्रिय तराजू,

बरं, ‘तू’ म्हणते. रेघ मारली. हाताशी शिवणाचा निळा खडू होता, त्यानंच मारली.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पाच? आधी चार म्हणाली होती ना ही? म्हणजे एक वाढला.” दिवसभर ती त्या एकावर खूश होती. शेजारच्या काकूंनाही सांगून आली. पत्र्याचं तेवढं मी वाचताना गाळलं.

आता मुद्द्याचं. काल सैन्याच्या कचेरीतून कागद आला. धाकट्याचं नाव शौर्यपदकासाठी गेलं होतं, ते परत पाठवलंय. चौकशीत म्हणे असं ठरलं की वैमानिकानं मर्यादा माहीत असून साठ किलो जास्त वजन घेतलं. त्यामुळे मशीन उंची घेऊ शकलं नाही आणि गोळीच्या टप्प्यात सापडलं. मग खाली एक ओळ: ‘दोष वैमानिकाचा.’ जखमींची वजनं त्यांनी इस्पितळाच्या काट्यावरून घेतली. तुझी चिठ्ठी त्यांना सापडलेली नाही.

मी शाळेचे गणवेश शिवते. कायद्याचं मला काही कळत नाही. पण कागदावर असंही आहे की घरच्यांना हरकत घेता येते आणि सुनावणी एकवीस ऑगस्टला आहे. मी हरकतीचा अर्ज टाकलाय.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती दारात खुर्ची टाकून बसते आणि पोस्टमनला विचारते, “आमच्या मुलाच्या पदकाचं काय केलंत?” जसं काही त्यानंच दडवून ठेवलंय. तो बिचारा आता सायकल पलीकडच्या बाजूनं नेतो.

माझं एकच काम कर. त्या शेवटच्या चिठ्ठीत तू किती वजन लिहिलं होतंस, तेवढा आकडा कळव. तो मर्यादेच्या आत असेल तर धाकट्याचा दोष राहत नाही. त्याला जे लिहून दिलं ते त्यानं उचललं.

तुझी,
ताई


६ जुलै

आदरणीय ताई,

उत्तराला उशीर झाला. आमचं ठाणं आता मागे आणलंय, मी इस्पितळात पट्ट्यांच्या कोठारावर असते. मध्ये दोन दिवस तापही होता.

चिठ्ठी कशी करतात ते सांगते. ठाण्यावर काटा नसतो. माणसाची उंची, बांधा, पायांत बूट आहेत का, अंगावर ओली घोंगडी आहे का, हे पाहून आकडा घालायचा. सगळ्यांची बेरीज खाली. बाजूला वेळ आणि ऊन, कारण ऊन चढलं की हवा विरळ होते आणि तेच मशीन कमी उचलतं. सकाळी चारशे किलो नेणारं मशीन दुपारी तीनशे दहावर येतं. बेरीज मर्यादेपेक्षा जास्त झाली तर एक जखमी उतरवायचा. कोणता, ते डॉक्टरीणबाई ठरवतात.

मी आकडा नेहमी दोन किलो जास्त धरायचे. भीतीपोटी. ते हसायचे, “तुझ्या चिठ्ठीतला माणूस नेहमी जेवून बसलेला असतो.”

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचे गुडघे कसे आहेत?

आपली,
तराजू


१५ जुलै

तराजू,

आईचे गुडघे आहेत तसेच आहेत.

चिठ्ठी कशी करतात ते तू सांगितलंस. त्या दिवशी काय लिहिलंस ते सांगितलं नाहीस. चाराचे पाच करायला जी मुलगी चार पानी पत्र लिहिते, ती एक आकडा विसरेल हे मला पटत नाही. काय असेल ते लिही.

ताई


२० जुलै

ताई,

तीनशे पाच लिहिलं होतं. खरं वजन तीनशे सत्तर होतं. मला ते माहीत होतं.

हे आधी सांगायला हवं होतं. शेवटच्या फेरीत चार जखमी होते असं मी लिहिलं, तीही साधी चूक नव्हती. चार जणांत तीनशे पाच खरं वाटतं, पाच जणांत वाटत नाही. लिहिताना हात आपोआप चारकडे गेला. पत्र टाकल्यावर लाज वाटली म्हणून मी आकडा सुधारला, आणि त्यामागचं कारण तसंच ठेवलं.

आता त्या दिवसाचं क्रमानं लिहिते.

तिसऱ्या फेरीला ते आले तेव्हा साडेअकरा झाले होते. न्यायला पाच जण तयार होते. मी सगळं बरोबर लिहिलं, नेहमीप्रमाणे दोन-दोन किलो जास्तच. पाचवा फार उंच माणूस होता. त्याच्यापुढे चौऱ्याऐंशी लिहिले आणि बेरीज मर्यादेच्या नऊ किलो वर गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला पुढच्या फेरीला पाठवू, हा थांबू शकेल. त्यानं ते ऐकलं. मला म्हणाला, “बाई, बूट काढले तर?” मी त्याचे बूट काढले. पाय मोठे होते, पण बूट काढून नऊ किलो कमी होत नाहीत. एक वाजून वीस मिनिटांनी तो गेला. माझे वरचे दोन-दोन किलो मी लिहिलेच नसते तर तो मशीनमध्ये असता. ही बेरीज मी त्याच्याजवळ बसून केली. पाच गुणिले दोन, दहा. दहातून नऊ गेले, एक किलो शिल्लक राहत होता.

तीन वाजता ते चौथ्यांदा आले. पुन्हा पाचच जण होते. पुन्हा येणं होणार नाही असं त्यांनी उतरतानाच सांगितलं, संध्याकाळी ठाणं हलवायचं होतं आणि उजेडही उरणार नव्हता. त्यांनी विचारलं, “तो उंच माणूस कुठाय?” मी सांगितलं. मी चिठ्ठी करायला बसले. प्रत्येकाचे बारा-तेरा किलो खाल्ले. अक्षर इतकं सुरेख आलं होतं की आत्यानं शाबासकी दिली असती.

डॉक्टरीणबाई आत टाके घालत होत्या. बेरीज मर्यादेच्या आत, म्हणून त्यांना विचारावंच लागलं नाही. मी चिठ्ठी दिली. त्यांनी मशीन दोन हात वर उचललं आणि तिथेच धरलं. नेहमी दोन क्षण धरत, तेव्हा बराच वेळ. मग पुन्हा टेकवलं. मला वाटलं, आता एकाला उतरवायला सांगतील. मी कोणाला उतरवायचं ते बघायला लागले होते, ताई. रेडिओवर त्यांचा आवाज आला.

“तराजू, चिठ्ठी पक्की?”

मी म्हणाले, “पक्की.”

“बरं,” ते म्हणाले. “तू म्हणतेस तर पक्की.”

मग गेले. उजवीकडे खिंडीवरून सात मिनिटांचा रस्ता असतो, पण ते डावीकडे खाली दरीत वळले आणि दिसेनासे झाले. दरीत त्यांना गोळी लागली. तिथून तळापर्यंत अकरा मिनिटं लागतात. चिठ्ठी त्यांच्या मांडीवरच्या खिशात असायची. ती का सापडली नाही ते तुम्हाला कळेल.

गेल्या आठवड्यात मी डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “पाच जिवंत आहेत ना? मग बंद झालेला कागद कशाला उघडतेस? स्वतःचीच मान देशील.” त्या माझ्या भल्याचंच बोलत होत्या. पण कागद बंद झालेला नाही. तो ‘दोष वैमानिकाचा’ इथवर येऊन थांबलाय.

माफी मागत नाही. कोणत्या तोंडानं मागू?

तराजू


४ ऑगस्ट

बाई,

तुमचं पत्र दुकानात आलं. मी कापड कापत होते. एका हातात पत्र धरलं आणि दुसऱ्या हातातली कात्री चालत राहिली. एका मुलीच्या गणवेशाची बाही कोपरापर्यंत कापली गेली. ते कापड मी अजून टाकलेलं नाही, तुमच्या पत्रासोबत ठेवलंय.

आठ दिवस मी तुम्हाला मनातल्या मनात जे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तुम्ही ‘पक्की’ म्हणालात. एक शब्द. तेव्हा त्याला खरं सांगितलं असतं तर तो आज आईच्या खुर्चीशेजारी बसून तिचे पाय चेपत असता. ते त्यानं कधी केलं नाही ती गोष्ट वेगळी.

नंतर एक बाई आल्या, मुलाच्या पँटचं माप द्यायला. म्हणाल्या, कंबर चोवीस. मुलगा समोर उभा. मी त्याच्याकडे न बघताच अठ्ठावीस लिहिलं. वीस वर्षं लोक मला खोटी मापं सांगतात आणि वीस वर्षं मी मान डोलावून खरी लिहिते. माणूस दारातून आत आला की मला कळतं. तेव्हा हातातला खडू तसाच राहिला. वाटलं, धाकटा नऊ वर्षं मशीन उडवत होता. त्याला कळलं नसेल?

मी त्याची पत्रं काढली. एप्रिलमधल्या एका पत्रात तुम्ही आहात. जसंच्या तसं उतरवते:

‘इथे वजन लिहायला एक मुलगी आहे. ताई, इतकी भित्री की माशी बसली तरी तिचंही वजन धरेल. खरं सांगू? मशीन दोन हात उचललं की माझ्या पाठीला कळतं किती माल आहे ते. चिठ्ठी मी नंतर वाचतो, ती आज किती घाबरली आहे ते बघायला.’

म्हणजे त्याला माहीत होतं. मशीन उचललं तेव्हाच त्याला कळलं. त्यानं तुम्हाला विचारलं ते आकड्यासाठी नव्हतं. का विचारलं ते तुम्हीच जाणा.

आता मी जे मागते आहे ते नीट ऐका. धाकट्याचं हे पत्र माझ्याकडे आहे, चौकशी मंडळाकडे नाही. तुम्ही एकवीस तारखेला या आणि एवढंच सांगा: चिठ्ठी मी खोटी लिहिली, त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला. बस. मग दोष त्याचा राहणार नाही, तुमचा होईल. तो किती वेळ मशीन धरून थांबला, त्यानं काय विचारलं, ते सांगू नका. त्याला माहीत होतं असं कळलं तर ते म्हणतील, पाहा, जाणूनबुजून केलं. मी हे पत्र कपाटात ठेवीन. तुम्ही तुमचं तोंड बंद ठेवा.

तुमच्या नोकरीचं काय होईल, तुरुंगही होईल का, याचा मी विचार केलाय आणि तरी मागते आहे. मला चांगली बाई समजू नका. आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे. तिला ते पदक हातात घेऊन बसू दे.

धाकट्याची ताई


११ ऑगस्ट

आदरणीय ताई,

तुम्ही मागितलंत त्यातलं अर्धं मी देऊ शकते. खोटी चिठ्ठी मी लिहिली, हे मी मंडळासमोर सांगणार. ते तुम्ही मागितलं नसतं तरी सांगणार होते. अर्ज पाठवलाय, साक्षीला बोलावल्याचा कागद काल आला. डॉक्टरीणबाईंनी रजेवर सही केली आणि सही करताना म्हणाल्या, “इतकी हुशार आणि इतकी मूर्ख मुलगी एकाच अंगात पाहिली नव्हती.” मग स्वतःची चांगली छत्री दिली.

दुसरं अर्धं मात्र देता येत नाही. का, ते लिहिते. रागवा, पण पूर्ण वाचा.

तुमचं पत्र आल्यावर मी माझी रोजची वही काढली. तीन मे, दुपारी तीन. माझ्याच अक्षरात आहे: ‘ऊन कडक. वारा नाही.’ ते डावीकडे वळले तेव्हा मला वाटलं होतं की खिंडीत वारा असेल. वारा नव्हता. मग सात मिनिटांचा उंच रस्ता सोडून ते गोळीबाराच्या दरीत का उतरले?

मी तळावरच्या मेकॅनिककाकांना विचारलं. कोणाची गोष्ट ते सांगितलं नाही, फक्त आकडे दिले. तीनशे सत्तर किलो, दुपारचं ऊन, खिंड. ते लगेच म्हणाले, “खिंडीवर आदळलं असतं. तेवढं चढतच नाही मशीन.” मी विचारलं, “आणि दरीतून?” ते म्हणाले, “दरीतून जाईल. पण खाली खाली. लोक वरून दगड मारतील इतकं खाली.”

ताई, माझ्या चिठ्ठीवर त्यांनी विश्वास ठेवला असता तर ते खिंडीकडे गेले असते. तीनशे पाच किलोला खिंड सहज पार होते. तिथे सहाही जण संपले असते. माझी चिठ्ठी माणसं मारणारी होती हे मला वहीतल्या त्या दोन शब्दांनी सांगितलं. पाच जण जिवंत आहेत ते माझ्या खोटेपणामुळे नाहीत. आजवर मी मनाला तेवढाच एक आधार दिला होता, तोही आता उरला नाही. ते जिवंत आहेत कारण तुमच्या भावाला खरं वजन माहीत होतं. ते वाहून नेता येईल असा एकच रस्ता होता आणि तो गोळ्यांमधून जात होता, हेही माहीत होतं. सीटखाली पत्रा नाही, हेही.

आता मी मंडळासमोर म्हटलं की त्यांना माहीत नव्हतं, तर ते निर्दोष सुटतील. पण मग एका घाबरट मुलीनं फसवलेला, नशिबानं चुकीच्या बाजूला वळलेला माणूस कागदावर उरेल. तसे ते नव्हते. त्यांनी मशीन टेकवलं, तेव्हा एकाला उतरवणं त्यांच्या हातात होतं. नियम तोच होता. त्यांनी उतरवलं नाही.

मला त्यांनी का विचारलं, हे तुम्ही माझ्यावर सोडलंत. मी खूप विचार केला. मला वाटतं, मी ‘नाही, चुकलं’ म्हणाले असते तर ते रेडिओवर तळाला ऐकू गेलं असतं आणि एकाला उतरवावंच लागलं असतं. मी काय म्हणते ते त्यांना बघायचं होतं. मी ‘पक्की’ म्हटल्यावर आम्ही दोघं मिळून एक गुन्हा केला आणि त्याची किंमत त्यांनी एकट्यानं दिली. माझा हा अंदाज चुकीचाही असेल. अंदाज आहे असंच मी तिथे सांगेन.

मंडळ काय ठरवेल ते मला माहीत नाही. कदाचित ती खालची ओळ तशीच राहील आणि तिच्याखाली माझंही नाव येईल. पदक मिळेलच असं मी तुम्हाला लिहू शकत नाही. लिहिलं तर आणखी एक खोटी चिठ्ठी होईल. आईंना मी दुखावते आहे, हे मला कळतं. बाहीचं कापड टाकू नका.

त्यांचं एप्रिलचं पत्र तुमचं आहे. मी त्याबद्दल मंडळापुढे एक अक्षर बोलणार नाही, कोणी विचारणारही नाही. दोन हात उचलून धरलेलं मशीन मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, मला तेवढं पुरे आहे. तुम्ही ते पत्र घेऊन आलात तर बरं होईल. नाही आलात तर मी समजून घेईन.

बुधवारी दुपारच्या बसनं निघते. रात्री स्टेशनजवळच्या परिचारिकांच्या वसतिगृहात राहीन. सुनावणी मुख्य कचेरीत पहिल्या मजल्यावर आहे, जिन्याच्या डाव्या हाताची खोली. गुरुवार, एकवीस ऑगस्ट, सकाळी साडेदहा वाजता मी आत जाईन.

आपली,
तराजू